धंदा जिथं चालतो, कॅमेरा तिथंच लावा

मोबाइलवर चपलेचा व्हिडिओ येतो. पांढरी भिंत, कोपऱ्यात मोठ्या पानांचं प्लॅस्टिकचं झाड, मागं पिवळ्या दिव्यांची माळ आणि मधोमध लाकडी फळीवर कापशी घाटाची चप्पल. खाली नाव वाचावं तेव्हा कळतं, की हे तर आपल्याच कोल्हापूरच्या चप्पल लाइनमधलं दुकान. थोड्या वेळानं कांदा-लसूण मसाल्याचा व्हिडिओ येतो. तीच भिंत, तेच झाड. मग साड्यांचा, मग केकचा. ती जागा मला चांगली माहीत आहे. तासाच्या भाड्यानं मिळते. कोल्हापूर, कागल, हुपरी, इचलकरंजी या पट्ट्यातल्या छोट्या व्यावसायिकांना जाहिरातीचे व्हिडिओ करून देणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे, आणि या एका भिंतीपायी किती जणांचे पैसे वाया जातात ते मी रोज बघते.

छोट्या धंद्यानं जाहिरातीसाठी दुसऱ्याची देखणी जागा भाड्यानं घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. माल जिथं बनतो, तोलला जातो, बांधला जातो, तिथंच कॅमेरा लावावा. मोठ्या कंपनीकडं नट असतो, गाणं असतं, एकच गोष्ट महिनाभर कानावर घालायला पैसा असतो. गल्लीतल्या धंद्याकडं यातलं काहीच नसतं. त्याच्याकडं जागा असते, माणसं असतात आणि काम करताना दिसणारे हात असतात. तेच झाकून टाकलं तर गिऱ्हाइकानं विश्वास ठेवायचा कशावर?

तरीही बहुतेक जण झाकायलाच निघतात. पहिल्या भेटीत जागेचा विषय निघाला की ठरलेली नावं येतात: अमुक कॅफे, तमुक रिसॉर्ट, रंकाळा, पन्हाळा. तुमच्या कारखान्यातच करू म्हटलं की माणूस अवघडतो. "ताई, हितं नको. हितं दाखवण्यासारखं काय हाय? समदा पसारा." हे वाक्य मी चप्पल करणाऱ्यांकडून ऐकलंय, मसाला कुटून देणाऱ्या मावशींकडून ऐकलंय, तिसऱ्या पिढीत भांड्यांचं दुकान चालवणाऱ्या काकांकडूनही ऐकलंय. पसारा हे निमित्त असतं. आपली जागा दाखवण्यालायक नाही असं त्यांना कुणीतरी वर्षानुवर्षं सांगितलेलं असतं, आणि मला राग येतो तो त्याचा.

चपलेचंच उदाहरण घेऊ. कारखाना म्हणजे बहुतेक वेळा घराची पुढची खोली. दाराशी बसायला ठोकळा, समोर दगड, हाताशी रापी, आरी आणि हातोडी. भिजवलेल्या चामड्याचा उग्र वास. तळाचा तुकडा दगडावर ठेवून ठोकला की धप्प असा भरीव आवाज येतो, आणि तो ऐकूनच जुना कारागीर चामडं किती दाबलं गेलंय ते सांगतो. कडेची शिलाई चामड्याच्याच बारीक वादीनं होते, खिळा लागत नाही. आतल्या बाजूला घरातली बाई वेणी घालत असते. चामड्याच्या पातळ पट्ट्या तिच्या बोटांत इतक्या झपाट्यानं फिरतात, की मोबाइलवर चित्रीकरण करताना वेग मुद्दाम कमी ठेवावा लागतो, नाहीतर बघणाऱ्याला काही कळतच नाही.

या खोलीत उजेडाची जागा शोधावी लागत नाही. ती कारागिरानं कधीच शोधून ठेवलेली असते. बारीक काम करणारा माणूस दाराशी किंवा खिडकीशीच बसतो, कारण डोळ्यांना त्रास होऊन चालत नाही. कोल्हापूरच्या गुजरीतला सोनार बघा, जुना शिंपी बघा, घड्याळजी बघा. बाजूनं येणारा मऊ उजेड त्यांच्या हातावर पडलेला असतो. स्टुडिओत तसाच उजेड पाडायला आम्ही पडदे आणि दिवे लावत बसतो. म्हणून जागेची पाहणी करायला गेले की मी एकच विचारते: "काका, तुम्ही रोज बसता कुठं?" निम्मं काम तिथंच संपतं.

पण या खोलीची लाज का वाटते, हेही बोललं पाहिजे. चामड्याचं काम करणाऱ्यांना गावानं पिढ्यान्‌पिढ्या वेशीबाहेर ठेवलं. चप्पल मिरवली आणि करणाऱ्याला लांब बसवलं. दुकानात काचेचं कपाट पुढं आलं, कारागीर गल्लीच्या आत गेला. व्हिडिओत हीच जुनी रीत नव्यानं उतरते: चप्पल कॅफेत येते, माणूस येत नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार अशा आठ जिल्ह्यांचा त्यावर हक्क आहे. मानांकनाचा अर्थच असा, की वस्तूची किंमत तिच्या ठिकाणात आणि तिथल्या हातांत आहे. आणि आपण जाहिरात करताना तेच ठिकाण पुसून टाकतो. मग रेक्झिनची चप्पल 'कोल्हापुरी' म्हणून विकणाऱ्याच्या आणि आपल्या व्हिडिओत फरक काय राहिला? पांढऱ्या भिंतीसमोर दोन्ही सारख्याच दिसतात.

२०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं कोल्हापुरी घाटाच्या चपला दाखवल्या आणि इथं वादळ उठलं. त्या सादरीकरणात कोल्हापूरचं नाव नव्हतं. आवाज उठल्यावर कंपनीनं या कलेचं ऋण मान्य केलं आणि जुलैमध्ये त्यांची माणसं कोल्हापुरात आली. ती थेट कारागिरांकडं गेली, चप्पल कशी घडते ते बघितलं. जगातल्या महागड्या कंपनीलासुद्धा अखेर त्याच खोल्या बघाव्याशा वाटल्या. ज्या खोल्या दाखवायला आपला दुकानदार तयार नाही, त्या याच.

गुळाचंही तसंच आहे. कोल्हापुरी गुळालाही मानांकन आहे, आणि बाहेरचा गूळ कोल्हापुरी म्हणून खपवला जातो ही इथल्या शेतकऱ्याची जुनी तक्रार. यावर गुऱ्हाळघर दाखवण्याइतकं सरळ उत्तर नाही. तिथं चित्रीकरण करणं मात्र कष्टाचं आहे. पहाटेच्या गारठ्यातून कॅमेरा थेट आत नेला की काहिलीच्या वाफेनं काच धुरकट होते. त्यामुळं तो आधी थोडा वेळ चुलवाणाच्या बाजूला, पिशवीतच ठेवून उबदार होऊ द्यायचा. पत्र्याच्या फटींतून कोवळं ऊन वाफेवर तिरकं पडतं, तो वेळ साधायचा. जंगली भेंडीचं पाणी घातल्यावर मळी वर येते, ती झाऱ्यानं काढतात. मग गुळव्या उकळत्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून बघतो. त्या दोन बोटांवर सगळ्या काहिलीचं भवितव्य असतं. हे चित्र मिळालं की 'शुद्ध', 'अस्सल', 'नैसर्गिक' असे शब्द पडद्यावर लिहायची गरज उरत नाही. उघड्या अंगानं काम करणाऱ्या माणसाला आधी विचारायचं, हवं तर सदरा घालायला वेळ द्यायचा, एवढं भान मात्र हवं. कुणाचं दारिद्र्य दाखवून माल विकायचा नाही. काम दाखवायचं आणि काम करणाऱ्याला ते चित्र बघून बरं वाटलं पाहिजे.

आपली जागा दाखवायची म्हणजे आहे तशी दाखवायची, असा अर्थ कुणी काढू नये. घरी पाहुणे यायचे असले की आपण केर काढतोच. कॅमेऱ्यामागून शेकडो पाहुणे येणार असतात. चौकटीत दिसणाऱ्या वस्तूंची कामाशी काही गाठ आहे का, हे एकेक करून बघावं. रापी असू दे, रिकामी पाण्याची बाटली नको. चामड्याची चळत असू दे, मोबाइल चार्जरच्या लोंबत्या वायरी नकोत. कॅलेंडर हमखास राहून जातं, आणि जुलैत केलेला व्हिडिओ दिवाळीत फिरतो तेव्हा मागं जुलैचं पान दिसतं. आजोबांचा हार घातलेला फोटो काढून ठेवू का, असं हटकून विचारलं जातं. मी तो काढू देत नाही. ज्यानं धंदा उभा केला तो माणूस मागं असलाच पाहिजे. काचेवर उजेड चमकत असेल तर फोटो किंचित खाली झुकवावा, वरच्या खिळ्याशी कागदाची घडी सरकवून. देव्हाऱ्याचंही तेच.

फ्लेक्सपुढं उभं राहू नये. फ्लेक्स चकाकतो, त्यावरचे अक्षरांचे रंग चेहऱ्यावर उतरतात आणि दुकानाऐवजी सभेचं व्यासपीठ वाटतं. भिंतीला टेकूनही उभं राहू नये. पाठीमागं सहा-आठ फूट मोकळे सोडले की माणूस पुढं येतो आणि दुकान मागं राहतं. खोली एवढी लांब नसेल तर आडवं न बघता कर्णावर बघावं, म्हणजे एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याकडं. आता व्हिडिओ उभा असतो, त्यामुळं डावी-उजवी बाजू जाते आणि छत व फरशी जास्त दिसते. छताला लटकणारी जळमटं आणि फरशीवरचे डाग आधी कधी दिसत नव्हते ते आता दिसतात. जागेची पाहणी मोबाइल उभा धरूनच करावी.

ट्यूबलाइटखाली काढलेल्या व्हिडिओत काळसर पट्टे सरकताना दिसतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून हे होतं. मोबाइलच्या कॅमेऱ्यात शटर सेकंदाचा पन्नासावा किंवा शंभरावा भाग इतकं ठेवलं की पट्टे जातात. एवढ्या एका गोष्टीपायी 'आमच्या दुकानात व्हिडिओ चांगला येत नाही' असं मानून बसलेले लोक मला भेटलेत.

आवाजाबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगते, कारण जागा निवडताना लोक डोळ्यांनी निवडतात आणि फसतात कानांनी. रिकामा हॉल, चकचकीत फरशी, काचेच्या भिंती: दिसायला झकास, पण बोललेलं सगळं घुमतं. याउलट धान्याच्या पोत्यांनी भरलेली वखार, कापडाच्या गठ्ठ्यांचं दुकान, चामड्याच्या चळती असलेली खोली इथं आवाज सुरेख बसतो, कारण पोतं आणि कापड घुमणारा आवाज पिऊन टाकतात. स्टुडिओवाले त्यासाठी भिंतीला फोम लावतात. आपल्या वाण्याकडं तो पोत्यांच्या रूपानं आयता असतो. पंखा आणि फ्रीज बोलणं सुरू असेतोवर बंद करायचे. रस्त्यावरच्या दुकानात सकाळी शटर उघडायच्या आधीचा तास मिळाला तर सोनं. पण धंद्याचा स्वतःचा आवाज घालवायचा नाही. मसाल्याच्या डंकाचा ठेका, इचलकरंजीच्या मागाची खडखड, हुपरीत चांदीवर पडणारी बारीक हातोडी, हे आवाज वेगळे टिपून घ्यायचे आणि बोलण्याखाली हळू ठेवायचे. कुठून तरी उचललेल्या गाण्यापेक्षा ते कितीतरी जास्त सांगतात. (डंकावर जाताना नाकाला रुमाल आणि लेन्सला झाकण विसरू नये. एप्रिल-मेमध्ये तिथं मिरचीची पूड हवेतच असते.)

काही ठिकाणी मात्र मी स्वतःच जागा लपवायला सांगते, आणि तिथं माझं म्हणणं तितकंच ठाम असतं. घरून डबे देणारी, ब्लाउज शिवणारी, केक करणारी बाई एकटी असेल, लहान मुलं असतील, तर तिच्या दारावरची पाटी, घराचा नंबर, खिडकीतून दिसणारा चौक, दोरीवर वाळणारा मुलांच्या शाळेचा गणवेश यातलं काहीही चौकटीत येता कामा नये. तिथं ओटा दाखवावा, शेगडी दाखवावी, हात दाखवावेत. अन्नाचा धंदा असेल तर डोक्याला टोपी किंवा पदर असावा आणि अन्नसुरक्षेच्या नोंदणीचा कागद, त्यावरचा पत्ता झाकून, भिंतीवर दिसू द्यावा, कारण गिऱ्हाईक तेवढं बघतंच. हुपरीत चांदीचं काम घराघरांत चालतं. तिथं कामाचा पाट दाखवावा, खोलीचं दार, कुलूप, तिजोरी आणि सीसीटीव्ही कॅमेऱ्याची जागा दाखवू नये. जागा दाखवणं आणि पत्ता उघडा पाडणं यात फरक आहे, आणि तो करणं हे व्हिडिओ करणाऱ्याचं काम आहे. धंदा करणाऱ्याच्या ते लक्षात येईलच असं नाही.

पन्हाळा आणि रंकाळ्याबद्दल थोडक्यात. पन्हाळा २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, मराठ्यांच्या १२ किल्ल्यांपैकी एक म्हणून. तिथल्या संरक्षित वास्तूंत व्यावसायिक चित्रीकरण करायचं तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. रंकाळ्यावर ड्रोन उडवायचा तर शहराला लागून उजळाईवाडीचा विमानतळ आहे, त्यामुळं आधी सरकारी नकाशावर तो भाग कोणत्या रंगात येतो ते बघावं लागतं. हे सगळं करून मिळतं काय? गडावरच्या तीन दरवाजासमोर धरलेली लोणच्याची बरणी. त्या बरणीचा तीन दरवाजाशी काही संबंध नाही. पन्हाळ्यावर ज्याची खानावळ आहे, ज्याचा झुणका-भाकरीचा धंदा त्या वाऱ्यात चालतो, त्यानं गड दाखवावा. तो त्याचाच आहे.

आता आणखी एक सोय झाली आहे. मोबाइलमधलं ॲप वस्तूचा साधा फोटो घेतं आणि मागं हवी ती जागा तयार करून देतं: संगमरवरी ओटा, हिरवं शेत, गवताळ टेकडी, जुन्या वाड्याची ओसरी. पैसे नाहीत, वेळ नाही, म्हणून लोक त्याकडं वळतात आणि मला ते समजतं. पण मधाच्या बाटलीमागं न पाहिलेलं जंगल लावलं की तुम्ही गिऱ्हाइकाला सांगताय, हा मध त्या जंगलातला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वस्तूच्या स्वरूपाबद्दल, दर्जाबद्दल दिशाभूल करणारी जाहिरात येते, आणि दिशाभूल शब्दांनीच होते असं नाही. चित्रानंही होते.

यावर एकानं मला सुनावलं, की कोल्हापुरात पडद्यांना नावं ठेवू नका, हे गाव पडद्यांवरच मोठं झालं. खरं आहे. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे इथले चित्रकार नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. जुन्या फोटो स्टुडिओतही मागं रंगवलेला पडदा असायचा, आणि त्यासमोर खुर्चीत बसलेली आपली पणजी आपण आजही प्रेमानं बघतो. पण तो पडदा आहे हे बघणाऱ्याला माहीत असायचं. कुणी त्या पडद्यावरचं तळं बघून पणजीचं घर तळ्याकाठी होतं असं समजत नव्हतं. आणि ज्यांचा हात पडद्यांवर इतका बसला होता, त्याच बाबूराव पेंटरांनी १९२५ मध्ये 'सावकारी पाश' हा चित्रपट केला, तेव्हा राजवाडे बाजूला ठेवून कॅमेरा शेतकऱ्याच्या झोपडीकडं वळवला. शंभर वर्षांपूर्वी याच गावात हे घडलं. झोपडी दाखवण्यालायक आहे हे तेव्हा एका चित्रकाराला दिसलं होतं.

ते आता कारागिराला स्वतःलाही दिसावं, आणि त्यासाठी एक वाट आहे. 'पीएम विश्वकर्मा' योजना २०२३ च्या सप्टेंबरात सुरू झाली. १८ पारंपरिक व्यवसाय त्यात आहेत, चर्मकार, कुंभार, सोनार, शिंपी सगळे. प्रशिक्षण आहे, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे, विक्रीला हात देण्याची तरतूदही आहे. त्या प्रशिक्षणात अर्धा दिवस यासाठी द्यावा, असं मला मनापासून वाटतं: आपल्याच खोलीत, आपल्याच मोबाइलवर, आपलं काम कसं टिपायचं. कॅमेरा कुठं ठेवायचा, दार किती उघडायचं, काय उचलून बाजूला करायचं. आमच्यासारख्यांची काही कामं त्यामुळं कमी होतील. होऊ देत.

ज्यांना काम आमच्याकडूनच करून घ्यायचं आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. चपलेच्या कारागिराला नगावर मजुरी मिळते. आम्ही कॅमेरा घेऊन जातो, "जरा थांबा, परत एकदा ठोका, हात इकडं करा" म्हणत राहतो, तेव्हा त्याचे जोड कमी होतात. दुकानदाराला व्हिडिओ मिळतो, मला माझे पैसे मिळतात आणि ज्याच्या हातांवर सगळा व्हिडिओ उभा आहे त्याचा दिवस बुडतो. स्टुडिओचं भाडं वाचलेलं असतं. त्यातून त्याची त्या दिवसाची पूर्ण मजुरी सहज निघते. माझ्या कोटेशनमध्ये 'कारागिराची मजुरी' ही ओळ वेगळी लिहिलेली असते. ती खोडून द्या म्हणणाऱ्याचं काम मी घेत नाही.